परातीतले आठ हात

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात कळंबची एक शिक्षिका माझ्या दवाखान्यात आली आणि म्हणाली, "मॅडम, मुलांकडून पाढे म्हणून घेताना माझ्या तोंडात मधेच खारट पाणी येतं. दात एकही किडलेला नाही. मग हे पाणी येतं कुठून?"

बारामतीत भिगवण रस्त्यावर एका दुकानाच्या वर माझा दवाखाना होता. दोन खोल्या, एक खुर्ची, आणि एका वेळी तीन दातांपुरतं चित्र काढणारं एक्स-रेचं छोटं मशीन. दात काढायचे, भरायचे, म्हाताऱ्यांना कवळ्या बसवून द्यायच्या, यात तीन वर्षं गेली होती. काम चांगलं चालत होतं, पण खरं सांगायचं तर मला चुकल्यासारखं वाटायचं. मुंबईला शिकताना माझा जीव सूक्ष्मदर्शकात रमायचा. तोंडातल्या गाठींच्या काचपट्ट्या बघत मी तासन् तास बसायची. माझी मैत्रीण त्याच विषयात पुढे शिकली आणि तिथंच शिकवायला लागली. मी घरच्या अडचणीमुळे परत आले आणि दाढा उपटायला लागले.

शिक्षिका सत्तावीस वर्षांची होती. बोलणं ठाम, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. खुर्चीत बसल्याबसल्या तिनं स्वतःच सगळी हकिगत सांगितली. गावातल्या एका शिबिरात कुणीतरी तिचं तोंड बघून 'कॅन्सर असू शकतो' म्हणालं होतं. तेव्हापासून घरात रडारड चालू होती.

"आमच्या वडिलांच्या, आबांच्या जबड्याची तीन ऑपरेशनं झालीत," ती म्हणाली. "दर वेळी सांगतात, गाठ होती, काढली. दोन-चार वर्षांनी दुसरीकडे येते. आजोबांचापण गाल सुजलेला असायचा म्हणे. गावात आमच्या घराला 'गालवाले' म्हणतात. तुम्ही मला काय ते स्पष्ट सांगा. शाळा उघडायच्या आत मला कळलं पाहिजे."

मी खालच्या उजव्या अक्कलदाढेचं चित्र काढलं. फिल्म धुऊन उजेडाकडे धरली. दाढेच्या मागं हाडात एक मोठी काळी पोकळी होती आणि तिच्या कडेनं पांढरी, रेखीव रेघ. ती रेघ पाहून मला हायसं वाटलं. कॅन्सर हाड कुरतडत जातो, त्याच्या कडा फाटक्या दिसतात. हळूहळू वाढणाऱ्या साध्या गाठीभोवती हाड अशी नीट रेघ आखून घेतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं डोळे मिटून एकदा मोठा श्वास घेतला आणि लगेच विचारलं, "मग साधी गाठ म्हणजे काय?"

का कोण जाणे, मी दुसऱ्या बाजूचंही चित्र काढलं. तिथंही पोकळी होती. मग वरच्या जबड्याची दोन्ही बाजूंची काढली. एकूण चार पोकळ्या. चौथी फिल्म मी दोनदा उजेडाकडे धरून पाहिली. समोर एक घाबरलेली बाई बसली होती आणि मला आनंद होत होता. त्याची लाजही वाटली. पण असं काही मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं.

बधिर करून मी जाड सुई आत घातली. सिरिंज ओढली तर आधी काहीच येईना. मग पिवळसर पांढरं, घट्ट, खरवसाच्या चुऱ्यासारखं काहीतरी आलं. बाजूनं छोटासा छेद घेऊन पोकळीच्या अस्तराचा एक तुकडा काढला, औषधाच्या बाटलीत टाकला आणि मुंबईला मैत्रिणीकडे कुरिअरनं पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिली : चार ठिकाणी आहेत, वडिलांनाही होत्या.

नवव्या दिवशी सकाळी दवाखान्यातला फोन वाजला. मैत्रीण होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"अगं, काय पाठवलंयस तू! अस्तर पातळ आहे, सहा-सात पेशींचं. तळाची रांग बघशील तर सगळ्या एका उंचीच्या, जशा काही प्रार्थनेला उभ्या केल्यात. केराटोसिस्ट आहे. शंभर टक्के. कॅन्सर नाही."

"मला वाटलंच होतं," मी म्हणाले. केराटोसिस्ट म्हणजे जबड्याच्या हाडात हळूहळू वाढणारी, पोकळ, साधी गाठ.

"ते सोड. तिचे हात बघितलेस?"

"हात?"

"तळहात गं! बारीक खड्डे असतात. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवलेस तर उठून दिसतात. आणि छातीचा एक्स-रे काढ, बरगडी बघ. डोकं मोठं आहे का बघ. वडिलांचंही बघ. चार सिस्ट, वडिलांना सिस्ट, अगं, ही एकट्या जबड्याची गोष्टच नाही. हे घराण्यातून येतं. आणि ऐक, याचा जीन सापडलाय. मी तुला लेख पाठवते. माशीत सापडलेला जीन आहे. फळांवर बसतात ना, त्या चिलटांत!"

मी फोन ठेवला तेव्हा बाहेरच्या बाकावर तिघं बसले होते. मी पहिल्याला आत घेतलं आणि त्याची दाढ भरता भरता माझं सगळं लक्ष चिलटांवर होतं.

लेखाच्या झेरॉक्स आठवड्यानं आल्या. पाकीट फाडून मी तिथंच उभ्या उभ्या वाचायला लागले. पहिल्या वाचनात निम्मंच कळलं. कॉलेजात आम्हाला गाठीचं रूप शिकवलं होतं. कुठं होते, कशी दिसते, कशी कापायची. ती होते का, याचं उत्तर पुस्तकात दोन ओळींत संपायचं, आणि त्यातली एक ओळ 'नक्की माहीत नाही' अशी असायची. इथं त्या न माहीत असलेल्या जागेत कुणीतरी दिवा लावला होता.

पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. वाढ, थांब, हाड हो, कातडी हो. अशा एका निरोपाचं नाव हेजहॉग, म्हणजे काटेरी अंगाचा एक छोटा प्राणी. कारण तो निरोप बिघडला की माशीची अळी काटेरी दिसते. हा निरोप पेशीच्या दारावर येतो. दारावर एक राखणदार असतो, त्याचं नाव पॅच्ड. निरोप नसेल तेव्हा तो आतल्या यंत्रणेला दाबून धरतो. निरोप आला की सोडतो, आणि पेशी वाढते. बाळाचे दात, बोटं, बरगड्या घडताना हे हजारदा होतं. ज्या घराण्यात हा राखणदार जन्मतःच अधू असतो, त्या घराण्यात जबड्यात अशा गाठी येतात.

तिसऱ्यांदा वाचताना मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. चिलट आणि कळंबची शिक्षिका! कोट्यवधी वर्षांचं अंतर, आणि दारावरचा राखणदार एकच.

पुढच्या रविवारी मी कायनेटिक काढली आणि कळंबला निघाले. लासुर्णं मागं टाकलं, जंक्शन नावाच्या फाट्यावरून आत वळले. दोन्हीकडे ऊस. कॅन्सर नाही हे कळवलं तेव्हाच शिक्षिकेनं पत्ता विचारायचा तर काय विचारायचं ते सांगून ठेवलं होतं, आणि खरंच, 'गालवाल्यांचं घर' म्हटल्यावर एका बाईनं हातातलं काम न सोडता हनुवटीनं रस्ता दाखवला.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. साठीचे, उंच, जबड्याच्या दोन्ही कडांना जुने वण. तरुणपणी त्यांनी बापाबरोबर मेंढरं राखली होती. पाटाचं पाणी आल्यावर हळूहळू ऊस लावला. त्यांचं डोकं खरंच मोठं होतं आणि डोळ्यांमध्ये अंतर जास्त. मी एकटक बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"काय बघताय डॉक्टरीणबाई?"

"आबा, तुम्हाला टोपी मापाची मिळते का?"

ते उत्तर द्यायच्या आधी त्यांची बायको दारातून हसत म्हणाली, "लग्नात कुटंच गावली न्हाय बगा. सगळ्या दुकानांनी हात टेकलं. म्हून फेटा बांदला."

मी उड्या मारायचीच बाकी होते. मोठी परात मागितली, कोमट पाणी मागितलं. शिक्षिकेनं शेगडीवर पातेलं ठेवलं. अंगणाच्या मधोमध परात मांडली आणि मी सगळ्यांना हात बुडवायला सांगितलं : आबा, आई, शिक्षिका आणि तिचा थोरला भाऊ. चौघं उकिडवे बसले, आठ हात पाण्यात. मी घड्याळ लावलं.

"दहा मिनिटं?" भाऊ म्हणाला. "मॅडम, हात धुवायला येवढा येळ?"

"हळदीला बसवल्यावानी बसवलंय आमाला," आबा म्हणाले.

आई मात्र पाण्याकडे बघत हळूच म्हणाली, "डॉक्टरीणबाई, येक इचारू? मी मिशरी लावती. पोरगी पोटात व्हती तवाबी लावायची. त्यानंच झालं न्हवं तिला ह्ये?"

इतकी वर्षं तिनं हे मनात धरून ठेवलं असणार. मी म्हटलं, "नाही आई. मिशरी सोडा, ती दातांना वाईटच. पण या गाठीचा आणि मिशरीचा काही संबंध नाही."

"सपत?"

"शपथ."

तिनं ओल्याच हातानं पदर डोळ्यांना लावला. शिक्षिका ओरडली, "आई, हात पाण्यात!" आणि सगळे हसले.

दहा मिनिटांनी मी एकेकाचे हात उन्हात उलटे केले. आईचे तळवे भिजून पांढरे पडलेले, पण सपाट. भावाचेही स्वच्छ. मग शिक्षिकेचे पाहिले. तळहातावर टाचणीच्या डोक्याएवढे बारीक खड्डे, तळाशी लालसर. मोजले, उजव्या हातावर अकरा. आबांच्या हातांवर तर मोजायची सोय नव्हती. ओल्या रेतीवर हात दाबून उचलावा तसे दिसत होते.

"ह्ये व्हय?" आबा म्हणाले. "ह्ये तर ल्हानपनापासनं हाय. माज्या बापालाबी व्हतं. काठी धरून धरून पडलं आसंल म्हनायचो आमी."

"काठी तर दादापण धरतो," शिक्षिका म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती स्वतःच्या आणि बापाच्या हाताकडे आळीपाळीनं बघत होती. भाऊ स्वतःचे तळवे पुन्हापुन्हा उलटेपालटे करत होता. आपण सुटलो याचं त्याला हायसं वाटत असावं, आणि बहीण अडकली याचं वाईटही. तो उठला आणि परातीतलं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतून आला.

मी छातीच्या एक्स-रेचं विचारलं. आई म्हणाली, आबांना मागं लई खोकला झाला व्हता तवा फोटू काढलाय, ट्रंकेत हाय. कपड्यांच्या तळातून तिनं दुमडलेलं पाकीट काढून आणलं. मी फिल्म सूर्याकडे धरली. फुप्फुसं स्वच्छ. कुणीतरी कोपऱ्यात तसा शेराही मारला होता. मी वरून बरगड्या मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. उजवीकडची चौथी पुढच्या टोकाला दोन फाट्यांत फुटलेली. अगदी बेचकीसारखी.

मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

"काय झालं? मोडलीया व्हय?" आबा घाबरून उठले.

"नाही आबा! जन्मापासून अशीच आहे. बघा, दोन फाटे. कुणी पाहिलंच नाही, कारण सगळे फुप्फुसं बघत होते."

आबांनी फिल्म घेतली, डोळे बारीक केले आणि बोटानं बेचकी शोधली. मग शर्टाच्या आत हात घालून स्वतःच्या छातीवर ती जागा चाचपली. "साठ वरीस जवळ हाय," ते म्हणाले, "आन् ठावं न्हाय."

चहा आला. मी त्यांना निरोप, दार, राखणदार हे सगळं सांगायला लागले आणि मधेच अडखळले, कारण झेरॉक्समधले शब्द अंगणात टिकेनात. आबा ऐकत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"थांबा. म्हंजे आसं बगा. पाटकऱ्याचा सांगावा आला की आमी दार उघडतो आन् पानी शेतात घेतो. पाळी संपली की दार लावायचं. तुमी म्हनताय की सांगावा आलाच न्हाय, पाळी न्हाय, पर दारच मोडलंय, म्हून पानी आपलं चालूच?"

"अगदी हेच, आबा."

"मंग सगळंच आंग का सुजंना? जबडाच का?"

हा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "प्रत्येक पेशीत दारं दोन असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमचं वडिलांकडून आलेलं दार मोडकं आलं. पण आईकडचं शाबूत आहे, ते पाणी धरून ठेवतं. कधीतरी, कुठल्यातरी एका पेशीत, तेही मोडतं. जिथं मोडलं तिथं गाठ. आणि जबड्यात दात घडवणाऱ्या पेशींचे उरलेले तुकडे पडून असतात. त्यांना वाढायला निमित्तच हवं असतं."

"म्हून येक काडली तरी दुसरीकडं येती," आबा सावकाश म्हणाले. "काडनाराची चूक न्हाय." तीन ऑपरेशनं झालेल्या माणसाचं ते बोलणं होतं. आपल्याला नीट कापलं नाही असा राग त्यांनी वीस वर्षं बाळगला होता, हे मला शिक्षिकेनं नंतर सांगितलं.

निघताना ती माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, नवरा जवळच्याच गावात शेती करायचा.

"माझ्या मुलात येईल?"

"निम्मी शक्यता. प्रत्येक बाळाला वेगळी."

तिनं मान हलवली. "आबांना माहीत नव्हतं. मला माहीत असेल. एवढा तरी फरक."

फिल्म मी पुण्याच्या एका सर्जनांकडे पाठवल्या होत्या, आणि त्यांनी फोनवरच सांगितलं होतं की खालच्या उजव्या बाजूचं हाड फार पोखरलंय, तेवढा जबडा काढून टाकलेला बरा. मी सगळे कागद घेऊन शिक्षिकेबरोबर गेले. त्यांचं वय माझ्या दुप्पट होतं. मी घाईघाईनं बोलत होते : एक बाजू काढून उपयोग नाही, कारण पुढं दुसरीकडे येणारच, जबडा राखू या, अस्तर संपूर्ण सोलून काढू या, पोकळीच्या भिंती औषधानं जाळू या, आणि दर वर्षी फोटो काढू या. आणि पुढं कधीही कुणी या घरातल्या माणसाला किरणांचा शेक द्यायचं म्हटलं तर नको म्हणायचं, कारण यांच्या कातडीला तो घातक ठरतो.

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून लेख वाचला. मग वर बघून म्हणाले, "माशी?"

"हो सर, माशी."

"आम्ही इतकी वर्षं कापत बसलो," ते म्हणाले, "आणि कारण निघालं माशीत." आणि ते हसायलाच लागले. तिचा जबडा राहिला. दोन बैठकांत चारही गाठी काढल्या. ती दुधात कुस्करलेल्या भाकरीवर राहिली आणि जुलैच्या शेवटी शाळेत रुजू झाली.

त्या पावसाळ्यात बारामतीतल्या डॉक्टरांच्या महिन्याच्या बैठकीत मला बोलायला सांगितलं. आधी भाषण, मग जेवण, त्यामुळे वक्त्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. हात दाखवायला येशील का, असं मी शिक्षिकेला विचारलं होतं. ती नवऱ्याबरोबर आली. मी पहिली पारदर्शिका ठेवली आणि प्रोजेक्टरचा दिवा गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "चला, जेवण वाढा." मी स्विच दोनदा खालीवर करून पाहिला.

शिक्षिका उठली. हॉल शाळेचाच होता, भिंतीवर फळा होता. तिनं खडू घेतला, एक मोठा गोल काढला, त्याला दार काढलं, दारावर काठीवाला राखणदार काढला. आणि पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं चाळीस डॉक्टरांना शिकवायला लागली. निरोप कसा येतो, राखणदार कसा बाजूला होतो, एक दार बापाकडचं, एक आईकडचं. मधेच थांबून तिनं विचारलं, "मागचे, कळलं का? दुसरं दार मोडलं तर काय होईल?" आणि मागच्या रांगेतून एका हाडांच्या डॉक्टरांनी चक्क हात वर करून उत्तर दिलं. मग तिनं खडू ठेवला, प्रश्नांना उत्तरं देत दहा मिनिटं दोन्ही हात ओल्या फडक्यात गुंडाळून धरले आणि रांगारांगांतून फिरून तळवे दाखवले. डॉक्टर चष्मे लावून वाकून बघत होते. मी बाजूला उभी होते, आणि इतका आनंद मला माझ्या पदवीच्या दिवशीही झाला नव्हता.

तिचे हात बघून इंदापूरचे एक वयस्कर डॉक्टर उभे राहिले. "असे हात मी पाहिलेत," ते म्हणाले. "बावड्याकडची एक बाई. दोन्ही गालांत गाठी, डोकं मोठं. पदरानं तोंड झाकूनच येते. मी दाढेची सूज म्हणून औषध देत आलो. कळंबची माहेरवाशीण आहे, एवढं आठवतं."

शिक्षिका दोन रांगांच्या मधेच थांबली. हॉलमध्ये सगळे तिच्याकडे बघत होते.

"ती माझी आत्या असेल," ती म्हणाली. "आबांचं आणि तिचं पंधरा वर्षं बोलणं नाही. मेंढरं विकली तेव्हा भांडण झालं होतं. मी तिला लहानपणीच पाहिलंय."

कुणालाही जेवणाची आठवण राहिली नाही.

आबा बावड्याला कसे गेले ते मला शिक्षिकेनं सांगितलं. ती आणि नवरा सोबत होते. एसटीतून उतरल्यावर आबा सगळ्यांच्या पुढं चालत होते. आत्या दारात उभी होती. भाऊ दिसताच तिनं पदर तोंडावर ओढला. आबा पायरीवरच बसले आणि म्हणाले, "हात दाव."

"काय?"

"हात दाव तुजा. तळवा."

आत्याला वाटलं, म्हातारपणी भाऊ हस्तरेषा बघायला लागला. तिनं रागानंच हात पुढं केला. आबांनी आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. दोन्ही तळव्यांवर तेच खड्डे. मग आत्यानं पदर बाजूला केला आणि आपला सुजलेला गाल भावाला दाखवला. पंधरा वर्षांत नवरा आणि डॉक्टर सोडून कुणाला तिनं तो उघडा दाखवला नव्हता. लोक काय म्हणतील, पोरांची लग्नं कशी होतील, असं तिच्या मनात होतं.

"आगं, कुनाचा शाप न्हाय ह्यो," आबा म्हणाले. "दार मोडलंय. बापाकडनं आलंय, तुला बी आन् मला बी."

आत्याच्या गाठी पुण्यात त्याच सर्जनांनी काढल्या. त्या फार मोठ्या झाल्या होत्या, एका बाजूचे दात गेले. त्या बाजूला कवळी मी करून दिली. तिच्या दोन मुलांपैकी धाकट्याच्या हातावर खड्डे निघाले. त्याच्या जबड्यात वाटाण्याएवढी एकच पोकळी होती. सूज नाही, दुखणं नाही. अजून पाच वर्षं कुणाला कळलंही नसतं. ती आम्ही अर्ध्या तासात काढली. मैत्रीण त्यासाठी मुंबईहून मुद्दाम आली होती, आणि बाटली हातात धरून परतीच्या गाडीत बसताना ती मला म्हणाली, "आता दाढा उपटते म्हणून रडायचं नाही." त्याच वर्षी मी जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि आतल्या खोलीत खिडकीपाशी ठेवला.

शिक्षिकेला अठ्ठ्याण्णवमध्ये मुलगी झाली. तिनं ठरवूनच होऊ दिली. बाळ चार महिन्यांचं असताना ती तिला घेऊन आली, आणि मी म्हणाले की इतक्यात हात बघून काही कळायचं नाही, खड्डे नंतरही येतात. "माहीत आहे," ती म्हणाली, "मी हात दाखवायला नाही, बाळ दाखवायला आणलंय."

नव्व्याण्णवच्या तपासणीत शिक्षिकेच्याच वरच्या जबड्यात एक नवी, अगदी छोटी गाठ सापडली. मला ते सांगताना अवघड वाटलं. तिनं फिल्म माझ्या हातातून घेतली, स्वतः उजेडाकडे धरली, कड रेखीव आहे का ते पाहिलं आणि म्हणाली, "शनिवारी काढा. सोमवारी माझ्या वर्गातल्या मुलांची चाचणी आहे."

दर वर्षी तपासणीला ते सगळे एक जीप करून येत. आबा, आत्या, तिचा धाकटा, शिक्षिका आणि काखेत मुलगी. बाहेरच्या बाकावर माझे बाकीचे पेशंट त्यांना जागा करून देत. आबा म्हणायचे, "बाई, हिला आदी घ्या, हिची येष्टी हाय." आत्या म्हणायची, "जीप केलीया, येष्टी कसली? त्यालाच आदी घ्या, त्यो थोरला हाय." दार उघडून मी उभी राहायची आणि त्यांचं मिटेपर्यंत थांबायची.